कवेलू फेरण्याचे दिवस

अमरावतीहून यवतमाळला जाणारी सडक नांदगाव खंडेश्वर मागे टाकून ज्या कसब्यात शिरते, त्या नेर परसोपंताच्या जुन्या वस्तीतून चालताना मान थोडी वर केली, तर निरनिराळ्या काळांची छपरे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एका घरावर धुराने आणि शेवाळाने काळवंडलेले नळीचे देशी कवेलू, लगतच्या घरावर खाचांचे तांबडे इंग्रजी कवेलू, पलीकडे दगडांच्या भाराखाली दाबून धरलेले टिनाचे पत्रे, आणि त्याही पलीकडे लोखंडी गजांची टोके वर काढून पुढच्या मजल्याची वाट पाहणारी सिमेंटची स्लॅब. या चार छपरांमध्ये वऱ्हाडच्या गेल्या दीडशे वर्षांचा जो इतिहास साठलेला आहे, त्याचा माग लढाया आणि तह यांच्या वर्णनांत लागत नाही, आणि महसुली दफ्तरांतही फारसा लागत नाही. कारण दफ्तराने शेताचा आकार मोजला, पिकाची आणेवारी ठरविली, जंगलाची प्रतवारी लावली, परंतु ज्याच्या आसऱ्याने रयत आषाढ काढते त्या छपराची दखल घेण्याचे प्रयोजन त्याला क्वचितच वाटले. ही उणीव थोडीबहुत भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या मुलखातील छपराला वर्षभरात जे सोसावे लागते, ते सौम्य हवेच्या प्रांतातील माणसास सांगूनही सहसा पटत नाही. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर चढतो आणि दिवसेंदिवस तेथेच रेंगाळतो. त्या उन्हात लाकडाला चिरा जातात, बांबूच्या कांबट्या ठिसूळ होतात, बांधणीच्या दोरांचा पीळ सैल पडतो. वैशाख सरता सरता, आभाळात पाण्याचा थेंब नसताना, तिसऱ्या प्रहरी वावधन सुटते, आणि धुळीचे लोट उठवीत आलेला तो वारा छपराचा नेमका कोणता सांधा ढिला झाला आहे हे घरधन्याच्या आधी हुडकून काढतो. ७ जूनच्या सुमारास मृग लागते. त्याचा पहिला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येत असल्यामुळे वरून न गळणारे घरही वळचणीकडून भिजते. पुढे आषाढ-श्रावणात झड लागते. झडीच्या पावसाला जोर नसतो, पण चिकाटी असते. तो दिवसरात्र ठिबकत राहतो, मातीच्या भिंतींच्या पोटात उतरतो, आणि ज्या भिंतीचे डोके छपराने नीट झाकलेले नाही ती भिंत झडीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी आतल्या आत बसते. एवढे निभावून नेलेल्या छपरावर माघ-फाल्गुनात, गहू-हरभरा हाताशी आलेला असताना, कधी गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यावर कोसळलेली गारपीट अनेकांच्या स्मरणात असेल. या सर्व आपत्तींत वानरांचीही गणना करावयास हवी. जंगलात फळपाला सरला की वानरांच्या टोळ्या गावात उतरतात, आणि एका आढ्यावरून दुसऱ्या आढ्यावर त्यांनी घेतलेली एकेक झेप चार-सहा कवेलू फोडून जाते.

अशा हवेत घर झाकण्याच्या दोन निराळ्या रीती वऱ्हाडात रूढ झाल्या, आणि त्यांची सरहद्द बव्हंशी पावसाने आखून दिलेली आहे. पश्चिमेकडे, बुलढाणा आणि अकोला या बाजूंस, जेथे पाऊस तुलनेने कमी पडतो, तेथे खानदेशाप्रमाणेच धाब्याची घरे बांधीत. मयालींवर किलचांचा आडवा थर, त्यावर पाला किंवा तुराट्या, त्यावर माती, आणि सर्वांत वर खारी माती पसरून चोपून काढलेले सपाट छत म्हणजे धाबे. मातीच्या या छतातून पाणी का झिरपत नाही, याचे कोडे बाहेरच्या माणसास पडते. त्याचे उत्तर त्या खारीत आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जमिनीत सोडियमचे क्षार विपुल आहेत, आणि अशा क्षारांनी युक्त असलेली चिकणमाती पाण्याचा स्पर्श होताच फुगते, तिचे सूक्ष्म कण विखुरतात व मातीतील रंध्रे बुजवून टाकतात. शेतकऱ्याच्या पिकाला जी जमीन वैरीण ठरली, तीच त्याच्या घराला राखणारी झाली. हा गुणधर्म रसायनशास्त्राने अलीकडे समजावून सांगितला, तरी त्याचा उपयोग निरक्षर गवंड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी खारी टाकण्याचा त्यांचा नेम होता, आणि तो एक वर्ष चुकला तरी घर गळू लागे.

यवतमाळच्या पठारावर मात्र वर्षाला नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो, खारपाणपट्टा दूर राहतो, आणि सागवान व बांबू जवळ येतात. म्हणून नेर-दारव्ह्याच्या बाजूला छपराने उताराचा मार्ग पत्करला. दोनपाखी घर, मध्ये आढे, दोन्ही अंगांना वासे, वाशांवर आडव्या कांबट्या, आणि त्यांवर गवत किंवा कवेलू, ही येथील घराची मूळ आकृती होय. पूर्वेकडे वर्धा नदी ओलांडली की हीच आकृती नागपूरपर्यंत आणि पुढे भंडाऱ्यापर्यंत चालू राहते.

भाजलेल्या मातीचे कवेलू दख्खनला काही परके नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. हसमुख सांकळिया यांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन घरांची कौले मिळाली. तशीच ती दख्खनमधील त्या काळच्या इतर नगरांतही मिळाली आहेत. ती सपाट असून त्यांना खाचा आणि खिळ्यांसाठी भोके आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने वाऱ्याच्या उचलीचा विचार करून कौल लाकडाला जखडून टाकण्याची सोय केलेली होती. परंतु हे वैभव नगरांचे झाले. खेड्यातील सामान्य रयतेचे घर शतकानुशतके गवताने शाकारलेले होते, आणि त्याला केवळ दारिद्र्य हेच कारण होते असे मला वाटत नाही. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात कळंब आणि माहूर या सरकारांची नोंद आहे. तेव्हापासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत, आणि विशेषतः निजाम व नागपूरकर भोसले या दोघांनी मिळून वसूल घेण्याच्या दुअमलीच्या काळात, या भागातील गावांनी जी अस्थिरता भोगली, तिच्यात पक्के छप्पर घालण्याचे धाडस थोड्यांनाच झाले असेल. पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या म्हणजे गाव ओस पडे, घरे जाळली जात, आणि मागे परतलेल्या कुटुंबाला जंगलातून गवत-बांबू आणून आठ-पंधरा दिवसांत पुन्हा डोक्यावर आसरा उभा करावा लागे. जे पुन्हा पुन्हा जळणार, ते स्वस्त आणि झटपट उभे राहणारे असावे, हा त्यातील व्यवहार होता.

गवताचे छप्पर हलक्या दर्जाचे, असा एक समज आज रूढ आहे. तो अन्यायाचा आहे. दिवाळीनंतर रानातील गवत पक्व होऊन पिवळे पडले की ते मुळाजवळ कापून, पेंढ्या बांधून, वाळवून ठेवीत. कांबट्यांवर आधी पळसाची किंवा सागाची पाने अंथरीत, आणि त्यांवर वळचणीपासून आढ्याकडे चढत जाणारे गवताचे थर अंबाडीच्या दोराने आवळून बांधीत. नीट घातलेले असे छप्पर भर वैशाखात घरात जी शीतलता राखते, ती पुढच्या कोणत्याही छपराला साधली नाही. त्याचे वैरी तीन होते. वाळवी आणि पाऊस यांमुळे ते दोन-तीन वर्षांत कुजे. उन्हाळ्यात एका चुलीची ठिणगी उडाली तर वाऱ्याच्या दिशेने साऱ्या आळीची राखरांगोळी होई. आणि चाऱ्याचा दुष्काळ पडला म्हणजे छपराचे गवत उपसून जनावरांपुढे टाकण्याची पाळी येई. १८९९-१९०० च्या दुष्काळात पावसाने वऱ्हाडला जवळजवळ पूर्ण दगा दिला, तेव्हा बैल जगवायचे की छप्पर राखायचे, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला असेल. आणि ज्याला पुढच्या मृगावर पेरणी करावयाची आहे, त्याने त्याचे कोणते उत्तर दिले असेल, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, धाडींचे भय संपले, आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या भावाने उसळी घेतली. या दोन कारणांनी वऱ्हाडी खेड्यात स्थैर्य आणि पैसा एकदम आला, आणि त्याची पहिली खूण छपरावर उमटली, असे मी मानतो. ज्या घरांनी आजवर गवत पाहिले, त्यांवर कवेलू चढू लागले, आणि गावच्या कुंभाराला मडक्यांच्या जोडीने एक नवा धंदा मिळाला.

कवेलू घडविण्याची क्रिया पाहण्यासारखी असे. काळी कपाशीची जमीन या कामास उपयोगी पडत नाही, कारण ती ओली असताना फुगते आणि वाळताना भेगाळते. म्हणून कुंभार नाल्याकाठचा पोयटा हुडकून आणी, त्यात लीद आणि राख मिसळून तो पायांनी तुडवी, आणि चाकावर एका टोकाशी रुंद व दुसऱ्या टोकाशी निमुळती अशी पोकळ नळी ओढी. नळी अर्धवट सुकली की तिच्या दोन बाजूंना उभ्या रेघा कापून ठेवी, आणि पुरती वाळल्यावर हलक्या टिचकीने तिचे दोन समान भाग करी. एका नळीचे दोन कवेलू. मग आवा रचून ते भाजावयाचे. खालच्या थरातील जास्त भाजून वाकडे होत, वरच्या थरातील कच्चे राहत, आणि मधले तेवढे खणखणीत निघत. जाणता घरधनी कवेलू घेताना बोटाने वाजवून घेई, कारण बद्द आवाजाचे कवेलू पहिल्याच पावसात पाणी पिऊन जड होते आणि दुसऱ्या वर्षी तडकते.

छपरावर हे कवेलू दोन पदरांत बसवितात. खालच्या पदराची पोकळ बाजू आभाळाकडे असते, म्हणजे तिच्यातून पाण्याची धार उतरते. वरचा पदर पालथा असतो आणि तो शेजारच्या दोन ओळींमधील फट झाकतो. त्यांना खिळा नाही, चुना नाही, कोणतीही जखडण नाही. आपल्या वजनाने आणि परस्परांच्या आधाराने ते जागेवर राहतात, आणि म्हणूनच उताराचे प्रमाण अचूक असावे लागते. उतार कमी पडला तर पाणी उलटे चढून आत येते, अधिक झाला तर कवेलू घसरून त्यांचा वळचणीला ढीग होतो. गावच्या सुताराला हे प्रमाण कोणी अंशांत शिकविले नव्हते, तरी त्याच्या हातून ते सहसा चुकत नसे. औते आणि वखर यांची दुरुस्ती त्याच्या बलुत्यात मोडे, पण घराचे काम त्या चाकोरीबाहेरचे असून त्याची मजुरी निराळी ठरे; यावरूनही घर छावणे हे शेतीइतकेच गंभीर, परंतु तिच्याहून वेगळे कर्तव्य मानले जाई, हे ध्यानात येते.

परंतु ज्या कर्तव्याचे वर्णन करण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, ते याच्या पुढे सुरू होते. कवेलूचे घर एकदा बांधून मोकळे होता येत नाही. वारा, वानर, मांजरे, चिंचेच्या वाळक्या फांद्या यांनी ओळी सरकतात, फुटतात; दोन पदरांच्या मध्ये पालापाचोळा साचतो आणि पहिल्या पावसात त्याचा बोळा होऊन पाणी तुंबते; म्हणून दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस साऱ्या छपराची उस्तवारी करावी लागते, आणि तिलाच वऱ्हाडात कवेलू फेरणे म्हणतात. कोकणात जिला शाकारणी म्हणतात, तिचीच ही वऱ्हाडी बहीण. तिचा मुहूर्त पंचांगात सांगितलेला नाही, तरी तो ठरलेला असे: २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, तिच्या आगेमागे फेरणी आटोपली पाहिजे. फार आधी केली तर वैशाखातले वावधन ती पुन्हा विसकटून टाकणार. मृगाची वाट पाहिली तर फेरणारा मिळत नाही, कारण तेव्हा जो तो पेरणीच्या घाईत असतो.

फेरणारा आढ्याकडून सुरुवात करून कवेलू उतरवीत खाली येई, आणि बसविताना वळचणीपासून वर चढे, म्हणजे प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीच्या तोंडावर स्वार होई. उतरविलेले कवेलू अंगणात बायका झाडून, खरवडून, फुटके निराळे काढून रचीत. टोपल्या भरून वर देण्याचे काम त्यांचेच. उघड्या पडलेल्या कांबट्यांवर हात फिरवून कुजकी कांबटी कोठे आहे हे पाहणे, तेथे नवी घालून अंबाडीच्या दोराने आवळणे, उंदरांची बिळे मोडणे, कवेलूच्या सावलीत थंडाव्यास बसलेले विंचू जपून काढणे, आणि शेवटी आढ्यावरचे पालथे कवेलू चिखलात, ऐपत असेल तर चुन्यात, घट्ट बसविणे, असा तो क्रम होता. यात सर्वांत कठीण काम चालण्याचे. फेरणाऱ्याचा पाय आधार नसलेल्या कवेलूवर कधीच पडत नाही. तो खालचा वासा कोठे आहे हे अंदाजाने जाणून नेमका तेथेच भार देतो, आणि त्याचे हे जाणणे डोळ्यांपेक्षा तळव्यांनी होते. ज्याने हे साधले नाही तो एक ओळ नीट करताना दोन ओळी मोडून ठेवी. आणि पडून हात-पाय मोडण्याचे, क्वचित प्राणास मुकण्याचे प्रसंगही या कामात येत आले आहेत. भरल्या घराला कोरडे राखणाऱ्या या माणसाच्या कौशल्याला समाजाने मजुरी दिली, मान मात्र दिला नाही, ही गोष्ट मला खटकते. मंदिराच्या शिखरावर कळस चढविणाऱ्याचे नाव शिलालेखात येते. फेरणाऱ्याचे नाव एका पिढीपलीकडे उरत नाही.

गुढीपाडव्याला ज्याचे साल ठरे त्या सालदाराच्या वर्षातही या कामाची जागा होती. मळणी उरकली आहे, वखरणी चालू आहे, पेरणी दूर आहे, अशा त्या मधल्या पंधरवड्यात मालकाचे छप्पर फेरावयाचे आणि उरलेल्या वेळात आपले. पुष्कळदा आपले राहून जाई, आणि झड लागली म्हणजे सालदाराच्या झोपडीत भांडी मांडून पागोळ्या झेलाव्या लागत. छपराच्या इतिहासात ही विषमता लपविण्यासारखी नाही: गावात कवेलू पसरले ते वरच्या आळीकडून खालच्या आळीकडे, सावकाश, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीने गवत, पऱ्हाट्या व शिंदीच्या पानोळ्या यांवर आणखी दोन पिढ्या काढल्या.

आता या सर्व सामग्रीचा जो उगम, त्या जंगलाकडे वळले पाहिजे. गवत, बांबू, बल्ल्या, पाने, दोरासाठी साली, आव्यासाठी जळण, हे सारे रानातून येई, आणि इंग्रजी अंमलापूर्वी ते आणण्यास रयतेला सहसा कोणाचे दस्तक लागत नसे. १८८६ च्या वऱ्हाड जंगल कायद्याने रानाचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले: पहिला लाकूड व जळण यांसाठी राखीव, दुसरा गवतासाठी, तिसरा चराईसाठी. कागदावर ही व्यवस्था शिस्तीची दिसते, आणि बेसुमार तोडीला आळा घालण्याचा तिचा हेतूही सर्वथा खोटा नव्हता. तथापि ज्या गवताने आजोबाने घर छावले, ते कापावयास नातवाला परवाना आणि शुल्क लागू लागले, रानातून बांबू आणणे हा गुन्हा ठरू लागला, आणि जंगल खात्याच्या शिपायाची मेहेरनजर हा घरबांधणीच्या खर्चातील एक भाग होऊन बसला. रयतेच्या मनात साचलेल्या या सलाला १९३० साली वाचा फुटली. सविनय कायदेभंगाच्या त्या वर्षी, समुद्र दूर असलेल्या वऱ्हाडात मिठाचा कायदा मोडावयाचा कसा, हा प्रश्न होता. अकोला जिल्ह्यात दहिहंडा येथे खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून तो सोडविण्यात आला. यवतमाळ जिल्ह्यात खारे पाणी नाही, जंगल आहे. म्हणून लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव रानातील गवत कापून कायदेभंग केला व तुरुंगवास पत्करला, आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेस यवतमाळजवळ लोहारा येथे डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी जंगल सत्याग्रह केला. त्या चळवळीचा उद्देश स्वराज्याचा होता, आणि कापलेले गवत मुख्यतः गुरांच्या वैरणीचे होते, हे खरे आहे. परंतु साम्राज्यसत्तेला आव्हान देण्यासाठी नेत्यांनी नेमकी गवताची पेंढी का निवडली, हे समजून घ्यावयाचे असेल, तर ज्या रयतेपुढे ते बोलत होते तिच्या गोठ्याकडे आणि छपराकडे पाहावे लागते. बांबूच्या बाबतीत तर १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला वृक्षांच्या व्याख्येत घातले, आणि वनाबाहेरच्या जमिनीवर उगवलेल्या बांबूची त्या व्याख्येतून सुटका होण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

जंगल दूर गेले त्याच काळात बाजार जवळ आला. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि धामणगावच्या स्थानकावरून यवतमाळकडे बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या. पुढे मूर्तिजापूरहून दारव्ह्यामार्गे यवतमाळपर्यंत अरुंद मापाचा लोहमार्गही झाला. जाताना कापूस गेला, येताना इंग्रजी कवेलू आणि टिनाचे पत्रे आले. एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाची कल्पना फ्रान्समधील अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये सिद्ध केली होती. मंगळूर येथे बाझेल मिशनच्या प्लेब्स्ट नामक जर्मन गृहस्थाने १८६५ साली कारखाना काढून तिला भारतात आणले. या कवेलूला दर वर्षी फेरावे लागत नाही, ते वजनाने कमी भरते, आणि त्याची खाच वाऱ्याला दाद देत नाही. पण त्यासाठी चौकोनी कापलेल्या लाकडाच्या पट्ट्या हव्यात, आणि ते गावच्या आव्यात होत नाही. नळीदार लोखंडी पत्र्याचा शोध त्याच्याही आधीचा, १८२९ मधला. लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री पामर याने त्याचे पेटंट घेतले, आणि जस्ताचा मुलामा देण्याची युक्ती निघाल्यावर तो जगभर पसरला. वऱ्हाडात तो प्रथम सरकी काढण्याच्या जिनांवर चढला, मग दुकानांवर, मग गोठ्यांवर, आणि शेवटी माणसांच्या डोक्यांवर.

टिनाविषयी माझे मत कठोर आहे, आणि ते मी लपवीत नाही. ते स्वस्त आहे, एका दिवसात चढते, वानराने फुटत नाही, हे त्याचे गुण मान्य केले तरी, ज्या प्रदेशात उन्हाचा ताप हीच मोठी आपत्ती आहे तेथे तापणारे छप्पर घालणे म्हणजे पावसापासून सुटण्यासाठी उन्हाच्या स्वाधीन होणे होय. कवेलूच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, चुलीचा धूर त्याच वाटेने जातो आणि जाता जाता कांबट्यांना घुणापासून वाचवितो. टिनाखाली यातले काही घडत नाही. वाऱ्याशीही त्याचा विरोध मोठा आहे. कमी उताराच्या छपरावरून वेगाने वाहणारा वारा पृष्ठभागावर शोषण निर्माण करतो आणि छपराला वर ओढतो. सुटे कवेलू अशा वेळी जागोजाग थोडे उचलले जाऊन दाब सोडून देतात, पण पत्रा एकसंध असल्यामुळे संपूर्णच उडतो, आणि उडालेला पत्रा शेजारच्या माणसाच्या जिवावर उठतो. त्यावर ठेवलेले दगड हा उपाय नव्हे. ते वावधनात आधी घरंगळतात. दर उन्हाळ्यात तलाठ्याच्या पंचनाम्यात पत्रे उडाल्याचे आणि घरांची अंशतः पडझड झाल्याचे जे रकाने भरले जातात, त्यांत या बांधणीचा दोष किती आणि वाऱ्याचा किती, याचा हिशेब कोणी तरी करावयास हवा.

याउलट जुन्या छपराची शक्ती काय होती याचा पुरावा वर्धा नदीच्या पलीकडे आजही उभा आहे. १९३६ च्या एप्रिलअखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास गेले, तेव्हा घर स्थानिक सामग्रीने व स्थानिक कारागिरांच्या हातून बांधावे आणि खर्च पाचशे रुपयांपलीकडे जाऊ नये, अशी अट त्यांनी घातली होती. मातीच्या भिंती, बांबू आणि देशी कवेलू यांचे ते शेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, जगभरचे लोक येऊन पाहतात, आणि प्रत्येक उन्हाळा तेथे तेच शिकवितो की वर्षाला थोडी उस्तवारी मिळाली तर मातीचे घर पिढ्यांपलीकडे टिकते. त्याच वर्ध्यात सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने कुंभाराच्या चाकावर ओढलेल्या निमुळत्या नळ्या एकीत एक बसवून लाकडाशिवाय कमानदार छत उभारण्याची रीत विकसित केली, आणि कुंभाराचे चाक आजच्या घरासाठीही चालू शकते हे प्रत्यक्ष करून दाखविले. नेरपासून वर्ध्याचे अंतर फार नाही. ते मनाने मात्र फार पडले.

कारण मधल्या काळात छपराविषयीची आकांक्षाच बदलली. २०१६ पासून लागू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील कुटुंबाला २५ चौरस मीटरच्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरविण्यात आले, आणि ज्या कुटुंबाने तीन पिढ्या गळक्या छपराखाली काढल्या त्याला त्या पैशांतून स्लॅब हवी असेल तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. झडीच्या रात्री लेकरांना कोरड्या कोपऱ्यात सरकवीत जागलेल्या आईला स्लॅबचे मोल कळते, आणि ते तिच्याकडूनच समजून घ्यावे. तथापि हेही खरे की स्लॅब आली आणि घरात उन्हाळ्याची रात्र असह्य झाली. कुंभाराचा आवा थंड पडला. बुरुडाच्या कांबट्यांना गिऱ्हाईक उरले नाही. आणि जी काही कवेलूची घरे शिल्लक आहेत त्यांना फेरणारा मिळत नाही, म्हणून पहिल्या पावसाआधी त्यांवर प्लास्टिकची पन्नी पसरली जाते. पन्नीखाली हवा कोंडते, कांबट्या घामेजतात, आणि गळतीवरचा उपाय म्हणून आणलेली पन्नी चार वर्षांत सारा सांगाडा कुजवून टाकते.

यवतमाळच्या शारदाश्रम या संस्थेत डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी काही पिढ्यांपूर्वी वऱ्हाडातील घराघरांतून हस्तलिखिते जमा केली, आणि महानुभाव पंथाचे वाङ्मय अभ्यासकांपुढे आणले. पोथीला जे भाग्य लाभले ते हाताच्या विद्येलाही लाभावे, अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी ताम्रपट शोधावयास नकोत. नेर, दारव्हा, दिग्रस आणि बाभुळगाव या तालुक्यांत कवेलू फेरणारी, आवा लावणारी, उताराचे प्रमाण जाणणारी माणसे आज हयात आहेत, पण वयाने थकलेली आहेत. तेथील शाळांच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांचे शब्द, मापे आणि क्रम लिहून घ्यावा, उभ्या असलेल्या जुन्या घरांची रेखाटने करावी; आणि ग्रामपंचायतींनी घरकुलाचा आराखडा लाभार्थ्यापुढे ठेवताना स्लॅबबरोबर कवेलूच्या छपराचाही पर्याय खर्चासह मांडावा. निवड ज्याची त्याने करावी. हे काम येत्या रोहिणीच्या आत सुरू व्हावे, अशी या भागातील शिक्षकांना आणि ग्रामसेवकांना माझी आग्रहाची विनंती आहे.